इकडून वाच

शनिवार होता, म्हणून माझा फोन बंद होता. आमच्या शाळेने तसं सांगितलं होतं. आमच्या म्हणजे माझ्या लेकीच्या, शिराच्या. पण गेली तीन-चार वर्षं त्या शाळेत तिच्यापेक्षा मीच जास्त शिकत होतो. शुक्रवारी सूर्य मावळला की फोन बंद आणि शनिवारी चांदण्या दिसल्या की सुरू. त्यामुळे कुळगावातून आत्याच्या शेजारच्या सुनंदाताई सकाळपासून फोन लावत होत्या हे मला कळलं नाही. दुपारी त्या स्वतःच रिक्षा करून खरवईला आल्या. दार उघडलं तर जिन्यावरच थांबून म्हणाल्या, "अरे, कुठं होतास तू? रिबकाबाई गेल्या. सकाळी चहा घेऊन गेले, तर उठेचनात... सात वेळा फोन लावला रे, दानिएल." आत्या माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर राहायची. सकाळी गेली आणि मला दुपारी कळलं, का तर मी धर्म पाळत होतो.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले, मराठी बोलणारे ज्यू. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. बदलापुरात आमची मोजकीच घरं. माझी आई लवकर गेली आणि वडिलांच्या या अविवाहित बहिणीने मला वाढवलं. कुळगावात तिची बालवाडी होती. राहत्या घराची पुढची खोली, सतरंजी, पाट्या, आणि कोपऱ्यात चपलांचा ढीग. आगऱ्यांची, बौद्धांची, दोन-तीन सिंध्यांची अशी सगळी मुलं तिच्या हाताखालून गेली. सुनंदाताईंची तिन्ही मुलं तिथेच अक्षरं शिकली. पाटीवर पोराचा हात धरून ती म्हणायची, "डाव्या हाताकडून घरातून निघायचं, उजव्या हाताकडे शाळेत पोचायचं. मधेच मागे फिरायचं नाही." मलाही तिने असंच शिकवलं. तिला हिब्रू वाचता येत नव्हतं. तिच्या सगळ्या प्रार्थना एका दोनशेपानी वहीत देवनागरीत लिहिलेल्या होत्या, आणि शुक्रवारी दिवा लावून ती त्या वहीतूनच म्हणायची. मला त्यात कधी काही कमी वाटलं नव्हतं. पुढे वाटायला लागलं, ते मला कुणीतरी वाटायला शिकवलं म्हणून.

शिरा चार वर्षांची झाली तेव्हा ठाण्याला आमच्या समाजाच्या मुलांसाठी एक नवी धार्मिक शाळा निघाली होती. बाहेरदेशी शिकून आलेले शिक्षक, हिब्रू, इंग्रजी, न्यायला-आणायला व्हॅन. मी भाळलो. जन्मभर लोकांना "नाही हो, ख्रिश्चन नाही... नाही, मुसलमानही नाही" असं सांगून माझं तोंड दुखलं होतं, निदान माझ्या मुलीला तरी आपण कोण हे छातीठोक सांगता यावं असं वाटत होतं. आत्याला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "इतकी लांब कशाला धाडतोस? माझ्याकडे घाल. वर्षा-दोन वर्षांनी हवं तिथे ने."

"तुझ्याकडे काय शिकणार ती? शुक्रवारी दिवा लावायचा, एवढंच?"

तिने तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. हे वाक्य मी परत घेऊ शकलो असतो, पण तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. प्रवेश मिळाला त्या दिवशी तिनेच मलिदा केला. आमच्यात नवस फेडायला, आनंदाला करतात, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. शाळा तिला नको होती, पण मला ती हवी होती म्हणून नवस तिनेच बोलला होता.

शाळेची व्हॅन दुपारी शिराला आत्याकडे सोडायची, आणि आम्ही नवरा-बायको नोकरीवरून परतेपर्यंत ती तिथेच असायची. पहिलं वर्ष बरं गेलं. मग एक दिवस शिरा जेवायला बसेना. आत्याने विचारलं तर म्हणाली, "टीचरने सांगितलंय, तुझी भांडी कोशेर नाहीत." कोशेर म्हणजे धर्माच्या नियमात बसणारी. जिने आयुष्यात दूध आणि मटण एका पंगतीत येऊ दिलं नाही, तिला पाच वर्षांची पोर हे सांगत होती! मी संध्याकाळी गेलो तेव्हा आत्या म्हणाली, "उपाशी बसली रे दिवसभर." त्याहून जास्त काही नाही. मी म्हटलं, "लहान आहे, पण नियम म्हणजे नियम." हो, हे मीच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आत्याने बालवाडीला सुट्टी दिली आणि उल्हासनगरला जाऊन शिरासाठी नवं कोरं स्टीलचं ताट आणलं. त्यावर पोरीचं नाव तिच्या शाळेतल्या हिब्रू अक्षरांत घालायचं, असं तिने ठरवलं होतं. आदल्या संध्याकाळी तिने शिराकडून नावातली अक्षरं वदवून घेतली होती: शीन, योद, रेश, हे. शाळेने दिलेल्या तक्त्यावर एकेक अक्षर बोटाने शोधून तिने कागदावर उतरवलं होतं. भांड्यांच्या दुकानातला म्हातारा सिंधी कागद बघून म्हणाला होता, "माताजी, ये सीधी तरफ से लिखा है या उलटी तरफ से? हमारी सिंधी तो इधर से चलती है," आणि उजवा हात हलवून दाखवला होता. आत्या त्याला म्हणाली, "जैसा कागद पे है वैसाच डालो." जन्मभर पोरांना डावीकडून उजवीकडे लिहायला शिकवलेली बाई. त्याने बिचाऱ्याने तसंच कोरलं.

शुक्रवारी दिव्याच्या आधी तिने ताट शिरापुढे ठेवलं. मीही तिथे होतो. शिराने हिब्रू वाचतात तसं उजवीकडून बोट फिरवत वाचलं, "ह... री... श. हरीश! आजी, हे माझं नाही. हे हरीशचं आहे!" आणि खदखदून हसली. ती लहान होती, हसणारच. पण मीही हसलो. इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. आत्या आधी माझ्याकडे बघत राहिली, मग ताटाकडे. नंतर शिराच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "बरोबरच शिकवलंय तिला." पुढच्या पालकसभेत मी हा किस्सा सांगितला. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, आपल्या जुन्या माणसांचं असंच. त्या महिन्यातच मी शिराची दुपारची सोय खरवईतल्या एका ओळखीच्या घरी केली. त्यांची मुलंही त्याच शाळेत होती आणि भांडी नियमात बसणारी होती. आत्याला सांगितलं, "तुला दगदग नको." तिने विचारलं, "शुक्रवारी तरी आणशील?" मी हो म्हटलं. आणलं नाही... म्हणजे सणावारी आणलं, तेही जेवणाची वेळ टाळून.

लोक म्हणतात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, त्यांचं वय झालं होतं. शाळेलाही मी दोष देत नाही. त्यांनी त्यांचं काम केलं. माझ्या आत्याला माझ्या मुलीच्या पंगतीतून उठवायचं काम मात्र कुणी मला दिलं नव्हतं, ते मी आपण होऊन केलं. शाळा निवडताना मी व्हॅन बघितली, इंग्रजी बघितलं, शिक्षकांच्या दाढ्या बघितल्या. पुढच्या खोलीतली सतरंजी तेवढी बघितली नाही.

तीस दिवस झाल्यावर आम्ही तिची खोली आवरायला गेलो. सुनंदाताई मदतीला होत्या. प्रार्थनेची वही उशाशीच होती. मांडणीवर एकच ताट पालथं घातलेलं होतं, मधे चरे पडून निस्तेज झालेलं. "रोज ह्यातच जेवायच्या," सुनंदाताई म्हणाल्या. "मी म्हटलं, बाई, दुसरं घ्या की, हे छोटं पडतं तुम्हाला. तर म्हणायच्या, पोरीचं आहे, वापरात राहू दे."

शिरा आता आठ वर्षांची आहे. तिने ताट उचलून उजेडात धरलं, कडेवरचं नाव वाचलं आणि मला विचारलं, "बाबा, हा हरीश कोण?"

तिला आठवत नव्हतं. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. तिचं बोट धरून डाव्या कडेच्या अक्षरावर ठेवलं आणि म्हटलं, "इकडून वाच."

"इकडून वाचायचं नसतं, बाबा," ती म्हणाली आणि बोट सोडवून घेतलं. "ते चूक असतं."

बरोबरच शिकवलंय तिला, आत्या.