शेळीवहिनीची रेघ

डोंगराच्या पोटात काय शिजतंय हे सांगणं सोपं नाही, पण वहिनीला ते बऱ्यापैकी कळायचं. ज्वालामुखीच्या वेधशाळेत बावीस वर्षं ती रोज सकाळी फिरत्या नळकांड्यावरचा कागद बदलायची आणि जमिनीच्या हादऱ्यांनी त्यावर काढलेली रेघ वाचायची. वारा, ट्रक, गडगडलेला दगड, सगळं रेघेवरून ओळखायची. एकदाच चुकली. नणंदेच्या शेळ्या डोंगरावरच्या यंत्राच्या पेटीला अंग घासत होत्या, आणि हिच्या सांगण्यावरून अख्खं गाव घरंदारं सोडून खाली आलं. तेव्हापासून ती शेळीवहिनी. बारसं अर्थात नणंदेनेच केलं.

त्या मंगळवारी कागदावर दर दोन मिनिटांनी एक हादरा होता. सगळे एका साच्यातले.

"गावातला पाण्याचा पंप असणार," वेधशाळेचे साहेब म्हणाले. "डोंगर कधी इतका शिस्तीत वागतो का?" मागच्या वेळी दुधाने तोंड पोळलेलं, आता ते ताकही फुंकून पीत होते.

वहिनीने पंपवाल्याला फोन लावला.

"पंप? मोटर जळलीये. परवापासून बंद आहे. का हो, पुन्हा शेळ्या?"

घट्ट लाव्हा वर सरकताना असेच सारखे धक्के बसतात, हे साहेबांनीच तिला शिकवलं होतं. तिने कागद त्यांच्यापुढे पसरला.

"पंप बंद आहे, साहेब. आणि दोन मिनिटांचं अंतर आता दीडवर आलंय. चुकले तर नोकरी सोडते, पण गाव हलवा."

साहेबांनी पट्टी लावून अंतरं मोजली. मग फोन उचलला.

गाव निघालं, नणंद मात्र हटून बसली. "वहिनी, माझ्या शेळ्या गोठ्यात बांधलेल्या आहेत हो," ती फोनवर म्हणाली.

"म्हणूनच सांगतेय, हे हादरे त्यांचे नाहीत. त्यांनाही घेऊन ये."

पलीकडून दावी सोडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगराचा कडा फुटला आणि तापलेली राख गावावरून गेली. घरं गेली. माणसं मात्र खाली शाळेच्या मैदानात होती, चारशे बाराच्या चारशे बारा. वहिनीने स्वतः दोनदा मोजली आणि भर मैदानात आनंदाने रडली.

संध्याकाळी नणंद शेळ्या घेऊन वेधशाळेच्या फाटकाशी आली. मान खाली.

"ते नाव मीच ठेवलं होतं. आता बदलायला सांगते सगळ्यांना."

"राहू दे," वहिनी एका शेळीच्या पाठीवरची राख झटकत म्हणाली. "या वेळी माझ्या बाजूने साक्ष यांनीच दिली."