भावजींचा ब्रेक

आमच्या पुढच्या खोलीत ह्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. अख्ख्या गावाच्या गाड्या हे वठणीवर आणतात, फक्त सख्ख्या भावापुढे हात टेकतात.

धाकटे भावजी चाळिशीला आले, दोन पोरांचे बाप झाले, तरी वळण दिसलं की त्यांच्या अंगात येतं. ह्यांनी जीव ओतून ब्रेक नीट करून द्यावा, तर भावजी खूश! "आता आणखी उशिरा दाबला तरी चालेल, दादा!" म्हणजे जेवढी ह्यांची मेहनत, तेवढा त्यांचा वेग.

म्हणून परवा ह्यांनी मुद्दाम ब्रेक जरा ढिला ठेवला. घाबरून तरी सावकाश चालवेल, ही ह्यांची अक्कल. संध्याकाळी भावजी ढोपर सोलून हसत आले. "दादा, आज खरी मजा आली!"

माझं डोकंच फिरलं. "भावजी, तिकडे तुमच्या बायकोचा जीव टांगणीला असतो, त्याचं काय?"

ते म्हणाले, "वहिनी, दिवसभर ऑफिसात साहेबांपुढे मान डोलावतो. त्या वळणावर तेवढा मी जिवंत असतो."

ह्यांनी पाना उचलला आणि ब्रेक पुन्हा घट्ट केला. दुसरं काय करणार होते? भावजी निघाले. हे हातात फडकं घेऊन, कान लावून दारात उभे राहिले. रस्त्याच्या टोकाच्या वळणाजवळ इंजिनाचा आवाज उतरायला हवा होता.

तो चढला.