ताईला न सांगितलेला शेवट

काल रिसोडच्या बसमध्ये शेजारच्या बाईने रुमालावर निलगिरीचं तेल टाकलं, आणि त्या वासासरशी मी मनाने थेट केनवडच्या घरी, ताईच्या खाटेपाशी जाऊन बसले.

ताई माझी थोरली बहीण. आजारपणात तिची नजर अधू झाली, म्हणून दुपारी मी तिला वाचून दाखवायची. मारामारी, रक्त असलं काही नको, असं तिने बजावलं होतं. मग मी एक साधीशी रहस्यकथा आणली. तसलं पुस्तक मीही पहिल्यांदाच वाचत होते. गावातल्या देवळाची घंटा नाहीशी होते आणि एक निवृत्त शिक्षिका घरोघर चहा पीत चोर शोधते. ऐकताना ताई निलगिरीचा रुमाल नाकाशी धरून खोकत खोकत हसायची.

दोन प्रकरणं उरली होती, तेव्हा ती म्हणाली, "शेवटचं पान वाच न. कोनं नेली घंटी?"

"असं नसते वाचत, ताई. मंग मजाच जाते."

"मले आजच सांग. काहून तरसवून राह्यली?"

"उद्या," म्हणत मी पुस्तक मिटलं. मी स्वतःला मोठी जाणकार समजत होते. ताई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

पहाटे ती गेली.

तिला धीर नाही, असं मला वाटलं होतं. तिला आपला अंत कळला असावा, हे मला फार उशिरा उमगलं.

तेरवीनंतर रिकाम्या खाटेपाशी बसून मी शेवटचं पान मोठ्याने वाचलं. चोरी झालीच नव्हती. पुजाऱ्याच्या बायकोने तडा गेलेली घंटा गुपचूप दुरुस्तीला दिली होती.

ताई किती हसली असती.