सांगडीवरची मोटार

धोंडू तारी कुणावर चटकन विश्वास ठेवणाऱ्यांतला नव्हता. बायकोने चहात साखर जास्त घातली तरी आज काय मागणार आहे, असा तिच्याकडे बघत राहायचा. पण होडीवर हात असा की वाऱ्यावादळातही म्हातारीच्या मांडीवरची कळशी डचमळायची नाही.

खाडीच्या मधोमध जुवा होता. जुवा म्हणजे माडांनी भरलेलं बेट, सगळी मिळून अकरा घरं. तिथे माणसं ने-आण करायचं काम धोंडूच्या घराण्याकडे चार पिढ्यांचं. वर्षाकाठी एखादी मोटार आली, तर तो दोन होड्या शेजारी शेजारी बांधून वर आडव्या फळ्या टाकायचा. ही सांगड. तिच्यावर मोटार चढली की तिची चाकं दगड लावून अडवायची आणि देवाचं नाव घेऊन बांबू रेटायचा.

जुव्यावर त्याची भाची होती, मथुरा. बहीण शेवंती तापाने गेली आणि मथुरा बाप गणपतजवळ राहिली. सत्तावीस वर्षांची झाली तरी लग्न जुळेना. बेटावरची मुलगी म्हणून तीन स्थळं परत गेली होती. आता वेंगुर्ल्याचं एक स्थळ रविवारी तिला बघायला येणार होतं. एवढं तरी जुळू दे, म्हणून धोंडूने देवाला नारळ कबूल केला होता. असल्या माणसाने देवावर तरी भरवसा ठेवला, हेच नवल.

ही शहाऐंशी सालची गोष्ट. गुरुवारी दुपारी खाडी भरली आणि काठावर एक पांढरी मोटार येऊन थांबली. काळा चष्मा लावलेला एक तरुण खाली उतरला. मागच्या सीटवर त्याची आई होती.

"काका, जुव्यावर जायचंय. गाडीसकट."

"जुव्यार? थंय काय आसा?"

"बेट बघायचंय. फार सुंदर आहे म्हणतात."

धोंडूच्या कपाळाला आठी पडली. माड आणि चिखल बघायला मोटार घेऊन कोण येतं? ओरोसला जिल्ह्याच्या कचेऱ्या उभ्या राहू लागल्यापासून जमिनी हेरत फिरणाऱ्यांच्या गोष्टी तो रोज ऐकत होता. एक घर विकलं गेलं की उरलेली दहा उठायला कितीसा वेळ!

"गाडी हयच ठेवा. मी होडयेन सोडतंय."

"नको. गाडी काठावर टाकून नाही यायचं."

झालं! जुव्यावर जेमतेम बैलगाडीची वाट, तिथे मोटारीचं काय काम? डिकीत जमीन मोजायच्या साखळ्या असणार, हे धोंडूने मनाशी ठरवूनच टाकलं. नाही म्हणता येईना, म्हणून त्याने मोटार सांगडीवर चढवून घेतली. पण ही माणसं जुव्यावर पाय ठेवणार नाहीत, एवढी काळजी तो घेणार होता.

सांगड काठापासून सुटली तशी बाई मोटारीतून उतरून त्याच्याजवळ उभी राहिली.

"तिथल्या विहिरींना पाणी गोडं आहे का हो?"

"गोडा? मिठागर परवडला! पिलात तर पोट धरून बसतलात."

"आणि माणसं कशी आहेत?"

"माणसां? एकाचा एकाक पटना नाय. रोज कोयते भायर काढतत."

बाईने माडांतून दिसणाऱ्या लाल कौलांकडे बोट केलं. "ते घर कुणाचं?"

ते गणपतचं घर. म्हणजे नेमका त्याच घरावर डोळा! मग त्याच्या जिभेला हाड राहिलं नाही.

"त्या घराकडे बघा पण नको, बाये. बाधा आसा त्या घराक. घरातली बाई तेच्यातच मेली. आता तिच्या चेडवाच्या, पोरीच्याय अंगात येता."

बाईचा चेहरा उतरला. तिने मुलाला बाजूला नेऊन काही सांगितलं. मुलगा म्हणाला, "काका, सांगड मागे फिरवा."

धोंडूने ती इतक्या जोरात फिरवली की बांबू कडकड वाजला. लढाई जिंकल्याच्या तोऱ्यात त्याने मोटार काठावर उतरवून दिली. बाईने त्याला हात जोडले.

"बरं झालं, आजच आलो. रविवारी त्या घरी मुलगी बघायला येणार होतो; लाल कौलांचं, अशीच खूण सांगितली होती. म्हटलं, आधी न कळवता घरदार बघावं. मालकांची गाडी उसनी मिळाली, ती कुठे सोडवेना, म्हणून हा खटाटोप. तुम्ही सांगितलं म्हणून वाचलो."

धोंडूच्या पायाखालची वाळू सरकली. मुलगी बघायला येणारी माणसं त्याने जन्मभर एसटीने, छत्री घेऊन, चपला हातात धरून होडीत चढताना बघितली होती. ती मोटारीतून येतील, असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"बाये, मी खोटा बोललंय! ता चेडू माझी भाची. मेली ती माझी भयण, तापान मेली. माका वाटला, तुमी जमिनी घेवक इलात."

मुलगा हसला. "आता एकदम भाची?"

बाई मात्र हसली नाही. "काका, बाधा खरी असेल तर वाईटच. खोटी असेल, तर सख्खा मामा असं बोलतो, हे त्याहून वाईट." आणि मोटार धुरळा उडवत निघून गेली.

गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. रविवारी पाहुणे आले नाहीत, एवढंच झालं असतं. ते त्याच्या मनात येऊनही गेलं. पण तो रिकामी होडी घेऊन जुव्यावर गेला.

मथुरा रविवारसाठी अंगण सारवत होती. धोंडू कडेला बसला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगून मोकळा झाला. तिचा शेणाचा हात जमिनीवर थांबला होता.

"माझा ऱ्हवांदे, मामा," ती शेवटी म्हणाली. "पण माझ्या आवशीक, तुझ्या भयणीक, कित्याक मधी घेतलंस?"

ती उत्तराची वाट बघत राहिली, आणि मग उरलेलं अंगण सारवू लागली.