कोऱ्या काचेची गाडी

अंकुश गेल्याचा फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, कसा? दुसरा प्रश्न त्याच्या आईने, म्हणजे आमच्या मावशींनी, दवाखान्याच्या दारात विचारला, आणि तो अजून माझी पाठ सोडत नाही. युसूफ वडगाव या गावातल्या एका लग्नाचं शूटिंग उरकून तो मोटारसायकलवर परतत होता. वाटेत छातीत कळ आली. रस्त्याकडेला हात करून उभा राहिला. कुणीतरी त्याला गाडीत घातलं, केजच्या दवाखान्यात पोचवलं आणि नाव न सांगता निघून गेलं. डॉक्टरांनी हात लावेपर्यंत सगळं संपलं होतं. मावशी वॉचमनला म्हणाल्या, “कोन व्हता रं त्यो? गाडीवर काय लिव्हलं व्हतं?”

“काय बी न्हाई, मावशी. काच कोरी व्हती.”

हा सिनेमा आम्ही आधीच केला होता.

अंकुश नांदूरघाटचा, माझा वर्गमित्र. लग्नाच्याच कॅमेऱ्यावर त्याने एक थरारपट काढला. एक माणूस हात करून गाड्या थांबवत जातो, एवढीच गोष्ट. आमच्याकडे गाडीच्या काचेवर मालकाची जात, नेता, देव सगळं लिहिलेलं असतं. हा पठ्ठ्या लांबूनच काच वाचतो आणि त्या गाडीला चालेल ते आडनाव सांगतो. प्रत्येक गाडीत “आपलाच हाय की” म्हणून चहा मिळतो आणि ‘त्यांना’ घातलेल्या शिव्या मुकाट ऐकाव्या लागतात. शेवटी कोऱ्या काचेची गाडी थांबते. ड्रायव्हर काहीच विचारत नाही. आता कोण व्हायचं, तेच गड्याला कळत नाही.

तो माणूस मी झालो होतो. कोरी गाडी म्हणजे अंकुशची व्हॅन. सगळं त्याने भर दुपारी शूट केलं. “अंधारात कुनी बी भितंय बे,” म्हणायचा. माझी भीती त्याला पटेना. “अॅक्टिंग करू नगंस. तुजं आडनाव इसर,” म्हणाला. मी त्या काचेकडे बघत राहिलो आणि खरंच घाबरलो.

गावात पडदा लावून सिनेमा दाखवला. लोक खिळून बसले, पण संपल्यावर एकच चर्चा: शेवटचा ड्रायव्हर आपला का त्यांचा? एका पुढाऱ्याने अंकुशला बाजूला घेतलं. “लई भारी हाय. त्या काचंवर फक्त आपलं नाव टाक, गावोगाव दाखवतो.” अंकुशने याच संधीसाठी जिवाचं रान केलं होतं. तो म्हणाला, “मग पिच्चर कावून काढला म्हनायचा, दादा?” सिनेमा पुन्हा कुठे लागला नाही. तोंडाशी आलेला घास घालवला म्हणून मी त्याच्यावर चिडलो होतो. आता तो राग कुठे ठेवू?

व्हॅन मावशींनी मला दिली. काचेच्या कोपऱ्यात, आधीच्या मालकाचं स्टिकर अंकुशने ब्लेडने खरवडलं तिथे, डिंक अजून आहे. कुणी हात केला की अंकुश आधी शेजारच्या सीटवरची बॅग मागे टाकायचा, मग ब्रेक दाबायचा. ती सवय मला लागलीय. परवा नांदूरघाटच्या रस्त्यावर एकाने हात केला. मी सीट मोकळी करून थांबलो. त्याने काच पाहिली आणि हात हळूच खाली घेतला.

“कोन म्हनायचं तुमी?”

आडनाव अगदी ओठांवर आलं. सांगितलं असतं तर कदाचित बसलाही असता. मी फक्त “बसा” म्हणालो, आणि दार उघडं ठेवून थांबलो...