रेखाताईंना मी काय सांगितलं

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नाही, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो — खून नाही, चोरी नाही, एका बाईला दोन वाक्यं बोललो, बस. आता तुम्हीच ऐका.

सातपूरला माझा इंग्रजी बोलायचा क्लास आहे. पहिली पाळी सुटली की कंपन्यांतली माणसं युनिफॉर्मवरच येऊन बसतात. माझी एक पद्धत होती आणि तिचा मला भारी अभिमान — कुणी चुकलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. चुकायची भीती मोडावी म्हणून. आणि सगळ्यात जास्त भीती कुणाला होती? सरांनाच. माझं इंग्रजी म्हणजे काय हो, दोन गाइडं पाठ आणि आवाज खणखणीत!

रेखाताई मूळच्या चांदवडकडच्या. इथे एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रे दाबायच्या मशीनवर, रोजंदारीवर होत्या. तिथेच सुपरवायझरची कायम जागा निघाली होती, मुलाखत इंग्रजीत होणार होती, म्हणून त्या क्लासला यायला लागल्या. आणि खरं सांगतो — वर्गात त्यांच्याइतकं भराभर शिकणारं दुसरं कुणी नव्हतं. चुकल्या की स्वतःच आधी टाळी वाजवायच्या आणि पुढचं वाक्य बोलायच्या.

त्या दिवशी मी पगाराचे शब्द घेतले होते. सॅलरी म्हणजे महिन्याचा पगार, वेजेस म्हणजे रोजाची नाहीतर तासाची मजुरी, शिकाऊ पोरांना स्टायपेंड, पाहुण्या वक्त्याला ऑनरेरियम म्हणजे मानधन. छान चाललं होतं. तेवढ्यात रेखाताई उभ्या राहिल्या. "सर, मुलाखतीत विचारतात म्हणे, कॉम्पेन्सेशन किती पाहिजे? पण आमच्याकडं तर प्रेसमधी बोट गेल्यावर कॉम्पेन्सेशन देतात. मग हे आधीच कसं काय विचारतात?"

काय चुकलं होतं यात? काही नाही. चांगला प्रश्न होता. पण मलाही त्या शब्दाचा नुकसानभरपाई एवढाच अर्थ माहीत होता! सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. माहीत नाही, उद्या बघून सांगतो — एवढं म्हणायला काय जात होतं माझं? मी म्हणालो, "रेखाताई, आधी रोजंदारीतून तर बाहेर या, मग कॉम्पेन्सेशनचं बघू." वर्ग खो खो हसला. टाळ्या पडल्या. रेखाताई खाली बसल्या.

एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. क्लास सुटल्यावर त्या मागे थांबल्या. इतकं हसं होऊनही थांबल्या. "सर, खरं सांगा, मला जमेल का मुलाखत?" जमलं असतं हो. मला पक्कं ठाऊक होतं. पण ही बाई उद्या पुन्हा काहीतरी विचारणार आणि सरांनाच येत नाही हे वर्गाला कळणार — डोक्यात तेवढंच. मी चेहरा गंभीर केला आणि म्हणालो, "खरं सांगू? नाही जमणार. हे तुमचं काम नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. मुलाखतीलाही गेल्या नाहीत, असं त्यांच्याच खात्यातल्या एकाने सांगितलं. त्या शब्दाचा अर्थ तर मी क्लास सुटल्यावर त्याच संध्याकाळी मोबाइलवर पाहिला होता — पगार, भत्ते, बोनस, कामाबद्दल जे जे मिळतं ते सगळं धरून ऑफिसात कॉम्पेन्सेशन म्हणतात. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. फोन केला नाही. लाज वाटली म्हणू? लाज वाटली असती तर फोन केला असता.

गेल्या महिन्यात त्या सातपूरच्या भाजीबाजारात दिसल्या. अजून रोजंदारीवरच आहेत. सोबत मुलगी होती, नुकतीच बारावी झालेली. मी नजर चुकवून सटकणार, तर त्यांनीच हाक मारली. मुलीला म्हणाल्या, "पाया पड, आमचे सर हायेत." आणि मग मला — "तुम्ही खरं बोलले म्हणून वाचले सर, नायतर साहेबांपुढं हसं झालं असतं. हिलापण आता तेच सांगते. लय इंग्लिश-इंग्लिश करते. म्हटलं, आपलं काम नाय ते."

पोरगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "आई सांगते ते ऐक."