चव आणि पॅकिंग यांच्यामधली दुपार

आमच्या मसाल्याच्या कंपनीत सगळा कारभार एकाच सॉफ्टवेअरवर आणायचं ठरलं, तेव्हा माझी तक्रार एवढीच होती की नुसत्या प्लॅनिंगला एवढे दिवस कशाला? ट्रॅक्टर घ्यायचा तर माणूस शोरूमला जातो, घेतो, नारळ फोडतो, झालं. हे म्हणे आधी बसायचं, प्रत्येकानं आपलं काम सांगायचं, ते भिंतीवर मांडायचं, आणि मग पुढचं बघायचं.

मुलगा म्हणाला, "आई, आपलं काम कसं चालतं हे आपल्यालाच नीट ठाऊक नसंल तर कंप्युटरला काय सांगायचं?"

मी त्याच्या तोंडावर हसले. मला ठाऊक नाही? बारामतीच्या एमआयडीसीतली ही शेड उभी राहिली ती जवळच्या कळंब गावात, आमच्या परड्यात, चुलीवर भाजलेल्या मिरचीतून. तेव्हा हा पोरगा शिंकत शिंकत शाळेला पळायचा.

तर पुण्याहून एक बाई आली. पस्तिशीची असेल, पायात बूट, पण बोलायला गोड. आम्ही पाचजण ऑफिसच्या खोलीत बसलो. मी, मुलगा, गोडाऊन बघणारे तात्या, पॅकिंगचा सुपरवायझर, आणि भाजणी-कांडपावरच्या बायकांची मुख्य. तिला सगळी शेड वैनी म्हणते, मीही म्हणते. आमची सोयरीक काही नाही, पण नाव असं चिकटलं की निघत नाही.

बाई भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवत गेली. मिरची आली. वजन झालं. निवडली. भाजली. कांडली. मिसळली. तात्यांना तर एवढा चेव आला की पोती कुठल्या भिंतीला टेकवायची तेही सांगायला लागले.

मग आली माझी चिठ्ठी. "आक्का चव बघतात." ती तिनं लाल कागदावर लिहिली. म्हणाली, "ही फार महत्त्वाची पायरी आहे. आक्कांनी मोबाईलवर पसंतीचं बटण दाबल्याशिवाय सॉफ्टवेअर पॅकिंग सुरूच होऊ देणार नाही. लेबलसुद्धा छापलं जाणार नाही."

खोटं कशाला सांगू, मला लई बरं वाटलं. खरंच होतं ते. रोज सकाळी मी कळंबहून शेडवर यायची. नव्या घाण्यातली चिमूटभर पूड वैनी माझ्या तळहातावर ठेवायची. मी जिभेवर घ्यायची, डोळे मिटायची, आणि म्हणायची, "चालंल." कधी म्हणायची, "धने जरा पुढं आलेत." मग चहा घेऊन माघारी.

बाई मात्र भिंतीकडे बघत थांबली होती. "एक विचारते. चव सकाळीच बघून होते. पॅकिंग मात्र दुपारनंतर सुरू होतं. मधे काय होतं?"



"थंड व्हायला ठेवतो," तात्या म्हणाले.

"तात्या, मसाला आदल्या दिवशीच थंड होतो असं तुम्हीच सांगितलंत. चिठ्ठी आहे इथं."

"मग... बायका जेवत असतील."

"सकाळच्यापारी?" मीच म्हणाले. मला वाटलं, ही माणसं टंगळमंगळ करतात आणि आज सापडली. मला ऊत आला. "सांगा की! मी गेल्यावर काय पत्ते कुटता व्हय? वैनी, बोल. तोंडाला कुलूप घातलंय का?"

वैनीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसते. ती रडत होती.

"आक्का," ती म्हणाली, "तुमी गेल्यावर आमी परत चाखतो."

"मग?"

"मग दुरुस्त करतो. मीठ घालतो. कवा खोबरं, कवा धने. परत मिसळतो. त्यात दुपार होती."

मी म्हणाले, "कवापास्नं?"

"तुमचा तो मोठा ताप झाला न्हाय का, तवापास्नं."

बघा, माणसाच्या पायाखालून जिना काढून घ्यावा तसं झालं. माझ्या कानात नुसता पंख्याचा आवाज. त्या तापात माझी वास-चव गेली होती हे सगळ्यांना माहीत होतं. पण ती परत आली होती की! म्हणजे मी तसं धरून चालले होते. तिखट झोंबायचं, ठसका लागायचा. मी समजले, सगळं जागेवर आलं.

मी मुलाकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता.

"तुला ठाऊक होतं?"

"आई, तुला वाईट वाटंल म्हणून..."

"म्हणजे सगळ्या शेडला ठाऊक. आन् मी येडी रोज डोळे मिटून उभी!"

मी उठले ती तडक शेडमध्ये. म्हणाले, दोन वाट्या आणा. आज सकाळी मी पसंत केलेला आणि काल यांनी दुरुस्त केलेला. वैनी नको नको म्हणत होती, पण आणल्या. एकीतलं जिभेवर घेतलं. पाणी प्यायले. दुसरीतलं घेतलं. परत पहिलीतलं.

दोन्ही एकच.

तात्यांनी माझ्या पसंतीच्या वाटीत बोट बुडवून चाटलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला पुढं काही विचारायची गरज राहिली नाही.

मला एकदम भिगवणचा तो मासळीच्या हॉटेलाचा मालक आठवला. दिवाळीच्या सुमाराला भेटला तेव्हा म्हणाला होता, "आक्का, हल्ली तुमचा मसाला पहिल्यापेक्षा भारी लागतो." मी ते कौतुक निमगाव केतकीच्या बाजारात ओळखीच्या चार बायांना थांबवून सांगितलं होतं. आता ते आठवून अंगावर काटा आला. कौतुक कुणाचं आणि मिरवलं कुणी!

खोलीत परतलो. ती पुण्याची बाई बिचारी ओशाळली होती. म्हणाली, "आक्का, मला माहीत नव्हतं. आपण हे उद्या बोलू."

मी म्हणाले, "उद्या काय बदलणार हाय? त्या लाल कागदावर नाव कुणाचं लागतं? जो खरंच बघतो त्याचं ना? मग लिहा. वैनी."

मला वाटलं, एवढं बोलले की संपलं. छातीवर धोंडा ठेवून बोलले होते हो मी. पण वैनी ताडकन उभी राहिली.

"माझं न्हाय लिवायचं!"

"का गं?"

"मला न्हाय जमायचं. तुमी चालंल म्हटल्यावर माझा हात चालतो."

"अगं, माझं चालंल चुकीचं असतंय की!"

"असू द्या. तुमी चुकला की मला नेमकं कळतं काय कमी हाय."

तात्या फस्सकन हसले. मग मुलगा. मलाही हसू आलं, आणि त्याच हसण्यात डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना. ही बाई एवढी वर्षं बरोबर करत होती आणि तिला त्याची खात्रीच नव्हती. माझी जीभ मेलेली, तरी तिच्या आधाराला पुरत होती. हा धक्का मला पहिल्यापेक्षा मोठा वाटला.

मी काही ऐकलं नाही. समोर बसून नाव लिहून घेतलं.

प्लॅनिंगचाच एक भाग म्हणून पुढच्या आठवड्यात त्यांनी एक घाणा नव्या रीतीनं करून बघितला. वैनीच्या हातात मोबाईल, तळहातावर पूड. तिनं जिभेवर घेतली. डोळे मिटले. आणि उघडले ते थेट माझ्याकडे वळवून. मी होय म्हणते का न्हाय, तेच बघत होती. माझी मान हलायच्या बेतातच होती, सवय म्हणून.

मी पाठ फिरवली आणि शेडच्या बाहेर जाऊन उभी राहिले. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. कुठलाच वास येत नव्हता. मिरचीच्या शेडच्या दारात उभं राहून कसलाच वास नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग वैनीचा आवाज आला. घाबरलेला, पण मोठा. "मीठ कमी हाय. आणा हिकडं."